समुद्रतळाचे पेव आणि आखनचा कोळसा

पृथ्वीवरच्या कार्बनपैकी फारच थोडा अंश हवा, पाणी, वनस्पती आणि प्राणी यांच्यामध्ये सतत फिरत असतो. उरलेला खडकांत, गाळात, कोळशाच्या थरांत आणि समुद्राच्या खोल पाण्यात दीर्घकाळ साठून राहिलेला असतो. ‘कार्बन चक्र’ म्हटले की अखंड फिरणारा रहाट डोळ्यांपुढे येतो, पण धान्याची देवघेव चालणाऱ्या जुन्या शेतकरी घराची उपमा येथे अधिक नेमकी ठरते. अशा घरात ओसरीवरची कणगी रोज उघडत असे, तर वाड्यामागचे पेव, म्हणजे जमिनीत खोल खणून, आतून लिंपून, धान्य भरून तोंड बुजवलेला खड्डा, वर्षानुवर्षे बंद राहत असे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे याच जातीची. हवा आणि सजीव सृष्टी ही कार्बनची कणगी मानली, तर चुनखडी, कोळसा, खनिज तेल आणि समुद्रतळाच्या गाळातले मिथेन हायड्रेट ही त्याची पेवे होत, आणि हवामानाचा इतिहास पुष्कळ अंशी या पेवांची तोंडे केव्हा आणि किती वेगाने उघडली याचाच इतिहास आहे.

या पेवांपैकी मिथेन हायड्रेटभोवती सर्वाधिक भीती गोळा झालेली आहे. समुद्र तापला की हा साठा एकाएकी फुटेल आणि हवेत मिथेनचा लोंढा येईल, ही कल्पना गेली दोन-तीन दशके वर्तमानपत्रांतून आणि कादंबऱ्यांतून फिरत आहे. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी जर्मनीच्या पश्चिम टोकावरचे आखन शहर चांगले ठिकाण आहे. जेथे जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा एकत्र येतात तेथे वसलेल्या या शहराच्या आसपास मिथेन हायड्रेटचा कणही नाही, परंतु कार्बनची इतर तीन पेवे पायाखाली एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्यावर समुद्रतळाच्या पेवाचे स्वरूप स्पष्ट होते.

आखनच्या पायाखालची तीन पेवे

पहिले पेव चुनखडीचे. आखनचे उष्ण झरे रोमन सैनिकांच्या काळापासून प्रसिद्ध आहेत, आणि सम्राट शार्लमेनने राजधानीसाठी हे स्थान निवडण्यामागे या झऱ्यांचे आकर्षण होते असे मानले जाते. हे पाणी सुमारे ३७ ते ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या, डेव्होनियन कालखंडातल्या चुनखडीतून वर येते. बुर्टशाइड भागात त्याचे तापमान ७० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, आणि शहराच्या मध्यभागी १८२७ मध्ये पूर्ण झालेल्या एलिझेनब्रुनेन या खांबांच्या वास्तूत ते नळातून वाहते तेव्हा सडक्या अंड्यासारखा गंधकयुक्त वास येतो. ही चुनखडी म्हणजे प्राचीन समुद्रातल्या जीवांनी कवचांच्या रूपाने बाजूला काढून ठेवलेला कार्बन होय. पृथ्वीच्या कवचातला बहुतांश कार्बन अशाच कार्बोनेट खडकांत आहे, आणि तो हवेत परतण्याचा नैसर्गिक मार्ग म्हणजे ज्वालामुखी, जो कोट्यवधी वर्षांच्या मापाने चालतो.

दुसरे पेव दगडी कोळशाचे. आखनच्या उत्तरेला वुर्म नदीच्या खोऱ्यात कार्बोनिफेरस कालखंडातले, म्हणजे सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या वनस्पतींचे थर आहेत, आणि तेथून कोळसा काढण्याचे काम मध्ययुगापासून चालत आले होते. तिसरे पेव तपकिरी कोळशाचे, म्हणजे लिग्नाइटचे: आखन आणि यूलिश यांच्या दरम्यान, एश्वाइलरजवळ, इन्डेनची उघडी खाण आहे आणि तिचा कोळसा शेजारच्या वाइसवाइलर वीजकेंद्रात जाळला जातो. हा कोळसा भूशास्त्राच्या मानाने तरुण, दीड-दोन कोटी वर्षांचा, ओलसर आणि कमी उष्णता देणारा असून, त्याचा एक टन जाळला की ढोबळमानाने एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

चौथे पेव मात्र येथे असूच शकत नाही, कारण मिथेन हायड्रेट तयार होण्यासाठी थंडी आणि प्रचंड दाब या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी लागतात, आणि त्या एक तर खोल पाण्याखाली किंवा ध्रुवीय प्रदेशातल्या कायम गोठलेल्या जमिनीखालीच मिळतात.

पाण्याच्या पिंजऱ्यातला वायू

मिथेन हा एक कार्बन आणि चार हायड्रोजन अणूंचा साधा वायू आहे. इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा याने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठच्या दलदलीतून येणारे बुडबुडे गोळा करून त्याचा अभ्यास केला. गोबरगॅसमध्ये तो असतो, भातखाचरांच्या चिखलातून तो सुटतो, आणि खाणीत कोळशाच्या थरांतून तो झिरपतो. हाच वायू थंड पाण्यात पुरेशा दाबाखाली अडकला, तर पाण्याचे रेणू त्याच्याभोवती एकमेकांचे हात धरून पिंजरे बांधतात आणि बर्फासारखा दिसणारा घन पदार्थ तयार होतो. त्यालाच मिथेन हायड्रेट म्हणतात; अशा जाळीबंद पदार्थांच्या संपूर्ण कुळाला जाळी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘क्लॅथ्रेट’ हे नाव मिळाले आहे. यात मिथेन आणि पाणी यांच्यामध्ये रासायनिक बंध नसतो; वायूचा रेणू पिंजऱ्यात केवळ कोंडलेला असतो, आणि तो आत असतो म्हणूनच पिंजराही कोसळत नाही.

या पिंजऱ्यांची रचना उलगडण्याच्या कामात आखनपासून फार दूर नसलेल्या बॉन विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. तेथील रसायनशास्त्रज्ञ फॉन श्टाकेलबेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अनेक वर्षे या स्फटिकांचा अभ्यास केला आणि १९५० च्या आसपास त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिथेनच्या बाबतीत पाण्याच्या ४६ रेणूंतून आठ पिंजरे बनतात, दोन लहान आणि सहा मोठे, आणि प्रत्येकात मिथेनचा एक रेणू बसू शकतो. या दाट बांधणीमुळे एक घनमीटर हायड्रेट वितळले की साधारण ०.८ घनमीटर पाणी आणि नेहमीच्या दाबाला सुमारे १६४ घनमीटर मिथेन बाहेर पडतो. घराघरांत स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर ज्या कारणासाठी वापरतात तेच काम, थोडक्या जागेत पुष्कळ वायू ठेवण्याचे, येथे पाणी करते.

पिंजरा टिकण्याची अट मात्र कडक आहे. ४ अंश सेल्सियस तापमानाला सुमारे ४० वातावरणांचा दाब, म्हणजे अंदाजे ४०० मीटर पाण्याचा भार, लागतो. तापमान १० अंशांवर गेले तर ७० वातावरणांच्या आसपास दाब लागतो. म्हणून उष्ण कटिबंधातल्या समुद्रात ५००-६०० मीटरांपेक्षा खोल तळाशी आणि आर्क्टिकच्या थंड पाण्यात सुमारे ३०० मीटरांपासून पुढे हायड्रेट स्थिर राहू शकते. गाळात खाली उतरत गेले की पृथ्वीच्या पोटातली उष्णता वाढते आणि एका मर्यादेखाली पिंजरे टिकत नाहीत. परिणामी हायड्रेटचा पट्टा वरून पाण्याने आणि खालून उष्णतेने मर्यादित झालेला, काही दहा ते काही शे मीटर जाडीचा असतो. या पट्ट्याच्या तळाशी मोकळा वायू साचला असेल, तर जहाजावरून सोडलेल्या ध्वनिलहरी तेथून ठळकपणे परत येतात आणि आलेखावर समुद्रतळाला समांतर धावणारी एक रेघ उमटते. हायड्रेट शोधणारे भूवैज्ञानिक प्रथम हीच रेघ शोधतात.

हा पदार्थ हातात आला की कसा वागतो याचे वर्णन जर्मन संशोधन जहाज ‘सोने’च्या १९९६ मधील मोहिमेत मिळते. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यासमोरील ‘हायड्रेट रिज’ या सागरी कटकावर, सुमारे ७८० मीटर खोलीवर, कील येथील गेओमार संस्थेच्या एर्विन झ्यूस यांच्या पथकाने कॅमेरा बसवलेला मोठा पोलादी पंजा तळावर सोडला आणि गाळासकट पांढऱ्या हायड्रेटचे मोठे तुकडे वर काढले. पंजा वर येऊ लागला आणि दाब उतरला, तसे पडद्यावर बुडबुड्यांचे लोट दिसू लागले. डेकवर पोचलेले तुकडे फसफसत होते, आणि ते नाहीसे होण्याआधी द्रवरूप नायट्रोजनमध्ये घालून वाचवावे लागले. काडी लावली तर असा तुकडा पिवळसर ज्योतीने जळतो आणि खाली निव्वळ पाणी उरते. ‘जळता बर्फ’ हे लोकप्रिय नाव त्यावरूनच पडले.

गोदावरीचा गाळ आणि कोकणासमोरचा रिता तळ

जगभरात हायड्रेटमध्ये किती कार्बन आहे याचे अंदाज गेल्या चाळीस वर्षांत उतरत आले आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस १० हजार अब्ज टन हा आकडा रूढ झाला होता, आणि जगातल्या सर्व कोळसा-तेल-वायूच्या दुप्पट कार्बन हायड्रेटमध्ये आहे हे वाक्य त्यातून जन्मले. प्रत्यक्ष छिद्रणे वाढली तसे लक्षात आले की योग्य दाब-तापमान असलेल्या प्रत्येक ठिकाणी हायड्रेट असतेच असे नाही, आणि असले तरी बहुधा ते गाळाच्या छिद्रांतला लहानसा हिस्साच व्यापते. आजचे बहुतेक अंदाज ५०० ते २५०० अब्ज टन कार्बन या टप्प्यात येतात आणि १८०० अब्ज टन हा आकडा वारंवार वापरला जातो. आज वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपात असलेला कार्बन सुमारे ९०० अब्ज टन आहे. म्हणजे अंदाज उतरूनही हे पेव कणगीच्या मानाने मोठेच आहे.

साठा सर्वत्र सारखा का नसतो हे भारताच्या दोन किनाऱ्यांची तुलना केल्यावर समजते. राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची पहिली छिद्रण मोहीम ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने २८ एप्रिल २००६ रोजी मुंबईहून सुरू केली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्ट रोजी ती चेन्नईत संपली. या काळात २१ ठिकाणी ३९ छिद्रे घेण्यात आली. पहिलेच ठिकाण केरळ-कोकण खोऱ्यात, अडीच हजार मीटरांहून अधिक खोल पाण्यात होते, परंतु तेथे हायड्रेट सापडले नाही. तळाचा गाळ मुख्यत्वे सूक्ष्म जीवांच्या चुनखडीयुक्त कवचांचा होता आणि त्यात मिथेन नगण्य होता. दाब होता, थंडी होती, पण पिंजऱ्यात कोंडण्यासाठी वायूच नव्हता.

पूर्व किनाऱ्यावर कृष्णा-गोदावरी खोऱ्यात याच्या उलट स्थिती आढळली. तेथील दहाव्या क्रमांकाच्या ठिकाणी भेगाळलेल्या चिकणमातीत सुमारे १२८ मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर मिळाला, आणि तो तोवर जगात सापडलेल्या समृद्ध सागरी साठ्यांपैकी एक ठरला. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी आणि महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा या दोन नद्या दख्खनच्या पठारावरची माती, पालापाचोळा आणि इतर सेंद्रिय द्रव्य हजारो शतके बंगालच्या उपसागरात नेऊन टाकत आल्या आहेत. हा गाळ झपाट्याने साचून सेंद्रिय द्रव्य कुजण्याआधीच पुरले जाते, आणि प्राणवायू नसलेल्या त्या थरांत सूक्ष्मजीव त्याचे मिथेन करतात. म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावर कधी काळी उगवलेल्या गवताचा कार्बन नदीवाटे समुद्रात, गाळातून सूक्ष्मजीवांच्या पोटात आणि तेथून बर्फाच्या पिंजऱ्यात जातो. कार्बन चक्रातला हायड्रेटचा प्रवेश तो हा असा.

वाटेवरचे जकातदार

पिंजऱ्यात शिरलेला मिथेन तेथे कायमचा राहतो असे नाही. गाळाचे नवे थर वर साचत राहिल्याने हायड्रेटचा तळ हळूहळू उष्ण भागात ढकलला जाऊन वितळतो, सुटलेला वायू वर सरकून पुन्हा गोठतो, आणि पट्ट्याच्या माथ्याकडून मिथेन विरघळून समुद्रतळाकडे झिरपत राहतो. अमेरिकन भूवैज्ञानिक जेराल्ड डिकन्स यांनी यासाठी विद्युत धारित्राची उपमा वापरली आहे: धारित्र जसे प्रवाह येईल तसा साठवते आणि परिस्थिती बदलली की सोडते, तसे हायड्रेट सेंद्रिय कार्बनच्या मंद प्रवाहातला काही भाग लाखो वर्षे धरून ठेवते.

वर झिरपणाऱ्या या वायूला समुद्रतळाशी पोचण्यापूर्वी एक नाका ओलांडावा लागतो. समुद्राच्या पाण्यातून सल्फेट गाळात खाली उतरते, मिथेन खालून वर येतो, आणि दोघांची गाठ पडते त्या अरुंद थरात आर्किया नावाचे आदिम सूक्ष्मजीव आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू एकत्र राहून प्राणवायूशिवाय मिथेनचे विघटन करतात. असे काही घडत असावे असा संशय भूरसायनशास्त्रज्ञांना पूर्वीपासून होता, पण हे सूक्ष्मजीव प्रत्यक्ष दाखवले ते ब्रेमेनच्या माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेतील आन्टये बोएटिउस आणि सहकाऱ्यांनी, २००० साली, हायड्रेट रिजवरच्याच गाळात: सुमारे शंभर आर्किया पेशींचा गोळा आणि त्याभोवती जिवाणूंचे कवच. हे जकातदार समुद्रतळाखालच्या मिथेनचा बहुतांश भाग, काही अंदाजांनुसार ९० टक्क्यांपर्यंत, वाटेतच वसूल करतात.

या विक्रियेतून दोन गोष्टी निघतात आणि आखनच्या वाचकाला दोन्ही ओळखीच्या वाटाव्यात. पहिली हायड्रोजन सल्फाइड, ज्याचा वास एलिझेनब्रुनेनच्या नळाशी येतो, जरी तेथे तो खोल भूजलातल्या वेगळ्या मार्गाने तयार झालेला असला तरी. दुसरी बायकार्बोनेट, जे पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून समुद्रतळावर चुनखडीचे थर, ढेकळे आणि कधी कधी बुरुजांसारखे उंचवटे उभारते. म्हणजे हवेच्या दिशेने निघालेला पुष्कळसा मिथेन वाटेतच दगड होतो आणि एका पेवातून दुसऱ्या, अधिक पक्क्या पेवात जातो.

जो अंश हा नाका चुकवून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, त्याच्यासमोर पाण्याचा स्तंभ असतो. वर चढताना बुडबुड्यातला मिथेन पाण्यात विरघळत जातो, आणि खोल पाण्यातून निघालेला बुडबुडा पृष्ठभागावर पोचलाच तर त्यात मूळचा मिथेन जवळजवळ उरलेला नसतो. विरघळलेला मिथेन पाण्यातले इतर जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतात. तो कार्बन नष्ट होत नाही; पाण्याची आम्लता वाढवणे आणि प्राणवायू कमी करणे हे त्याचे परिणाम राहतात. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ तीसपट उष्णता धरणारा मिथेन त्या रूपात हवेत पोचत नाही, हा फरक हवामानाच्या दृष्टीने फार मोठा आहे.

पेव फुटण्याची भीती

तरीही हे पेव फुटेल ही भीती निराधार कल्पनेतून आलेली नाही. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन आणि इओसीन या कालखंडांच्या सीमेवर, पृथ्वीचे सरासरी तापमान काही हजार वर्षांत ५ ते ८ अंशांनी चढले, आणि त्या काळच्या कवचांत हलक्या कार्बनचे प्रमाण अचानक वाढलेले दिसते. कार्बनचे वेगवेगळ्या वजनांचे अणू असतात, त्यांना समस्थानिक म्हणतात, आणि सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या मिथेनमध्ये हलके अणू विशेष जास्त असतात. त्यामुळे डिकन्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असे सुचवले की समुद्र तापून हायड्रेट वितळले आणि हा हलका कार्बन त्यातून आला. उत्तर अटलांटिकच्या ज्वालामुखींचा यात मोठा वाटा होता असे आज अनेक अभ्यासक मानतात, आणि हायड्रेट हे मूळ कारण होते की तापमान वाढल्यावरचा परिणाम, यावर वाद चालू आहे. पुढे २००३ मध्ये जेम्स केनेट यांनी हिमयुगांच्या काळातल्या झपाट्याच्या तापमानवाढींनाही हायड्रेटच कारण असल्याचे मांडले आणि त्या कल्पनेला ‘क्लॅथ्रेट बंदूक’ हे नाव दिले.

पाठोपाठ २००४ मध्ये कोलोन येथील लेखक फ्रांक शेट्सिंग यांची ‘डेर श्वार्म’ ही कादंबरी आली, जिच्यात समुद्रतळाचे किडे हायड्रेट पोखरतात, नॉर्वेजवळचा खंडान्त उतार कोसळतो आणि महाकाय लाटा युरोपचे किनारे धुऊन नेतात. ती जर्मन भाषेत अफाट खपली, आणि हायड्रेट म्हणजे दबा धरून बसलेले संकट ही प्रतिमा पक्की झाली.

वैज्ञानिक तपासणीत या बंदुकीचा बार मात्र सापडला नाही. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांतला मिथेन तपासता येतो, आणि त्यातल्या हायड्रोजन व कार्बनच्या समस्थानिकांवरून तो कोठून आला हे ओळखता येते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील नमुन्यांच्या अभ्यासांतून, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंटार्क्टिकच्या टेलर हिमनदीवरील कामासह, असे दिसले की हिमयुगाच्या अखेरीस वाढलेला मिथेन मुख्यतः दलदली आणि पाणथळ जमिनींतून आला. जुन्या, पुरलेल्या कार्बनचा वाटा अगदी थोडा होता. स्वालबार्ड बेटांजवळ समुद्रतळातून निघणारे शेकडो बुडबुड्यांचे स्तंभ २००८ मध्ये दिसले, तेव्हा चालू तापमानवाढीने हायड्रेट वितळू लागल्याची शंका घेण्यात आली. परंतु कीलच्या क्रिस्टियान बेर्न्ट आणि सहकाऱ्यांनी तेथील चुनखडीच्या कवचांचे वय काढले, तेव्हा हे झरे किमान तीन हजार वर्षे चालू असल्याचे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. जकातदारांनी रचून ठेवलेला दगडच येथे साक्षीला उभा राहिला.

हा साठा एकदम का फुटत नाही याची कारणे त्याच्या जागेत आणि स्वभावात आहेत. एका प्रचलित वाटणीनुसार सुमारे ९५ टक्के हायड्रेट एक हजार मीटरांहून खोल पाण्याखाली आहे, जेथे तळाचे तापमान काही अंशांनी वाढले तरी दाब त्याला सांभाळून घेतो. खंडान्त उताराच्या वरच्या, खऱ्या अर्थाने नाजूक कडेवर फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपास साठा आहे. शिवाय समुद्राच्या पाण्यातली उष्णता शंभर मीटर गाळातून खाली झिरपायला अनेक शतके लागतात, आणि हायड्रेट वितळताना तेवढ्याच वजनाच्या बर्फापेक्षा अधिक उष्णता शोषते, त्यामुळे वितळणे स्वतःलाच लगाम घालते. आर्क्टिकच्या उथळ समुद्राबद्दल मतभेद आहेत, पण आंतरशासकीय हवामान बदल मंडळाने २०२१ च्या अहवालात या शतकात हायड्रेटमुळे तापमानाच्या वाटचालीत जाणवण्याजोगा बदल होण्याची शक्यता अत्यंत कमी असल्याचे म्हटले आहे. याचा अर्थ हायड्रेट निरुपद्रवी आहे असा नव्हे. समुद्र हजारो वर्षे उष्ण राहिला तर हे पेव पाझरत राहील आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या तापमानवाढीत आपली भर घालील.

जे पेव खरोखर फुटले

आखनच्या कोळशाशी तुलना येथे उपयोगी पडते, कारण कोळसाही मिथेनचा साठा असतो. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांच्या आतल्या पृष्ठभागावर मिथेनचे रेणू चिकटून बसतात, आणि एक टन कोळशात काही घनमीटरांपासून वीस घनमीटरांपर्यंत वायू मावू शकतो. हायड्रेटप्रमाणेच हा साठाही दाबाने धरून ठेवलेला असतो आणि दाब उतरला की सुटतो; खाणकामगार थर फोडतो तेव्हा तो नेमका दाबच उतरवत असतो. हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान मिथेन मिसळला की मिश्रण स्फोटक होते, आणि जर्मन खाणकामगार त्याला ‘श्लागवेट्टर’, म्हणजे तडाखा देणारी हवा, म्हणत. आखनजवळच्या आल्सडॉर्फ येथील ‘आना २’ खाणीत २१ ऑक्टोबर १९३० रोजी झालेल्या स्फोटात २७० हून अधिक माणसे गेली. स्फोटाची ठिणगी नेमकी कशी पडली यावर वाद राहिला, पण कोळशाच्या खाणी अशा स्फोटांच्या छायेत का असत हे वरील आकड्यांवरून कळते.

आखनच्या तंत्र विद्यापीठात, ज्याची स्थापना १८७० मध्ये झाली, खनिज तेल आणि कोळशाच्या भूरसायनाचा अभ्यास करणाऱ्या विभागाने कोळसा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड किती आणि कसा धरतो याची मोजमापे वर्षानुवर्षे केली आहेत. कोळसा मिथेनपेक्षा कार्बन डायऑक्साइडला अधिक पसंती देतो, म्हणून कार्बन डायऑक्साइड आत ढकलून मिथेन बाहेर काढता येईल का हे पोलंडमधल्या रेकोपोल प्रकल्पात अजमावण्यात आले, आणि त्यात या विद्यापीठाचा सहभाग होता. पिंजऱ्यातला भाडेकरू असाच बदलण्याचा विचार हायड्रेटबाबतही झाला: गेओमारच्या नेतृत्वाखाली २००८ मध्ये सुरू झालेल्या जर्मन ‘शुगर’ प्रकल्पाचे ते एक सूत्र होते. दुसरीकडे जपानने मार्च २०१३ मध्ये नानकाई खळग्यात दाब उतरवून सहा दिवसांत सुमारे १ लाख २० हजार घनमीटर वायू काढून दाखवला, आणि वाळू नळीत शिरल्याने तो प्रयोग थांबवावा लागला. हे पेव माणसाने उघडणे किती अवघड आहे याचा तो पुरावा होता, आणि उघडता येते याचाही.

यावरून पेवाचा धोका त्याच्या आकारापेक्षा तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असतो असे म्हणावे लागते. पॅलिओसीन-इओसीनच्या त्या महान तापमानवाढीतही हवेत आणि समुद्रात जाणारा कार्बन वर्षाला सुमारे १ अब्ज टन किंवा त्याहून कमी होता, असा अंदाज आहे. तरीही पृथ्वीला पूर्वस्थितीवर येण्यास दीड-दोन लाख वर्षे लागली. कोळसा, तेल आणि वायू जाळून आज वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडला जातो, तर जगातले सर्व ज्वालामुखी मिळून ०.१ अब्ज टनांच्या आसपास सोडतात. वुर्मच्या खोऱ्यातला कोळसाही हायड्रेटइतकाच, किंबहुना त्याहून घट्ट, बंद होता: कोणत्याही नैसर्गिक तापमानवाढीने तो तीस कोटी वर्षांत बाहेर आला नाही, आणि माणसाने तो मुख्यतः दोनशे वर्षांत बाहेर काढला.

आखन परिसरातली ही तोंडे आता एकामागून एक बंद होत आहेत. आल्डेनहोफेनची एमिल मायरिश खाण १९९२ मध्ये आणि ह्युकेलहोफेनची सोफिया-याकोबा १९९७ मध्ये बंद झाली. इन्डेनची उघडी खाण आणि वाइसवाइलरचा कोळसा २०२९ मध्ये थांबवण्याचे ठरले आहे. त्यानंतर इन्डेनच्या खड्ड्यात रुर नदीचे पाणी सोडून काही दशकांत एक मोठे सरोवर भरले जाणार आहे. त्याची सर्वांत खोल जागाही दोनशे मीटरांच्या आतच राहील. तळाच्या थंड चिखलात सूक्ष्मजीव मिथेन करू लागतीलही, पण तो पिंजऱ्यात कोंडण्यासाठी लागणाऱ्या दाबाच्या निम्माच दाब तेथे असेल, आणि तो वायू बुडबुड्यांनी वर येत राहील. रिते झालेले पेव पाण्याने भरेल. त्यातला कार्बन मात्र वाइसवाइलरच्या धुराड्यांतून आधीच जगाच्या कणगीत जाऊन बसलेला असेल.